चढण्याआधी झाड पाहा

टाकवे बुद्रुकसारख्या मावळातल्या गावांत पाऊस एकदा लागला की उसंत देत नाही. भिजलेल्या जमिनीत म्हाताऱ्या झाडाची मुळं सैल होतात, म्हणून धोक्याचं झाड पावसाआधीच उतरवावं. ९ एप्रिल २०२३ला अकोला जिल्ह्यातल्या पारस इथं वादळात जुना कडुनिंब मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर कोसळला आणि सात माणसं गेली.

पण ज्या झाडाचा आपल्याला भरवसा नाही, त्यालाच दोर बांधून कोणीतरी वर चढणार असतो. त्याचा विचार आधी करा. बुंधा ठोकून पाहा. आवाज पोकळ आला, बुडाशी अळंबी दिसली, मुळांजवळची जमीन भेगाळली, तर कोणाला चढवू नका; क्रेन मागवा. खोड धड असेल तर शेंड्याकडून सुरुवात करावी. फांदी आधी खालून थोडी कापावी, मग वरून. नाहीतर ती चिरफाळत माणसावर येते. जड फांदी दोरानं सावकाश सोडावी. खाली कोणी थांबू नये. तारा जवळ असतील तर वीज बंद करून घ्यावी.

आंबा, जांभूळ, चिंच तोडायला १९६४च्या कायद्यानुसार परवानगी लागते. पुष्कळदा वाळल्या फांद्या उतरवूनही काम भागतं, झाडही राहतं. मात्र चार पैसे वाचवायला बिनदोराचा माणूस वर चढवू नका.