हाताला लागणारं आभाळ

(दिंडोरी इथल्या बोलण्याचं शब्दांकन. बोलीतली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

दृष्टिहीन मुलांना खगोलशास्त्र शिकवू या म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अहो, दिसतच नाही तर तारे कळणार कसे?" मग मी विचारते, पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तुम्ही कधी पाहिलीत? नाही ना? तुम्हालाही ते पुस्तकातल्या आकृतीतूनच कळलं. म्हणजे अडलंय ते आकृतीपाशी. परीक्षेत आकृतीच्या जागी या मुलांना पर्यायी प्रश्न मिळतो. सवलत रास्तच आहे, पण तिच्या आडोशाने आकृती वर्षभर शिकवायचीच राहून जाते, त्याचं काय?

पुण्याच्या वाटेवर नारायणगाव लागतं. तिथून आत खोडदला ४५ मीटर व्यासाच्या अँटेना आहेत. सगळ्या मिळून ३०, काही खोडदलाच, बाकीच्या दूरवर पसरलेल्या. त्या ज्या रेडिओ लहरी पकडतात, त्या कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाहीत. डोळस शास्त्रज्ञ आकड्यांचं चित्र करून बघतो. पोर्तो रिकोच्या वांडा दियाझ-मर्सेड यांची दृष्टी शिकत असतानाच गेली. त्यांनी आकड्यांचा आवाज केला, आणि ऐकून संशोधन चालू ठेवलं.

स्पर्शाचं काम नोरीन ग्राइस यांनी केलं. १९८४ साली त्या बोस्टनच्या तारांगणात शिकाऊ होत्या. अंध मुलांचा एक गट खेळ संपवून बाहेर आला, यांनी विचारलं कसं वाटलं, तर मुलांनी तोंडावर सांगितलं, अगदी टाकाऊ! (मुलं खरं बोलतात हो.) त्यातूनच पुढे त्यांची उठावाच्या चित्रांची पुस्तकं आली. २००२ सालच्या पुस्तकात तर हबल दुर्बिणीची छायाचित्रं बोटांनी वाचता येतात.

पण फोटो उचलला आणि फुगवला, असं करून भागत नाही. ब्रेलचे दोन ठिपके साधारण अडीच मिलिमीटरवर असतात. त्याहून दाट काही केलं की बोटाला नुसती खरखर लागते. म्हणून तारे कमी घ्यायचे आणि मोकळी जागा भरपूर सोडायची. मृग नक्षत्र करून बघा. जाड पुठ्ठा घ्या, एक कोपरा कापा म्हणजे वरची बाजू कळते. चार कोपऱ्यांना चार साबुदाणे, मध्ये तिरक्या ओळीत तीन मोहऱ्या, आणि ती ओळ खाली पुढे नेली की व्याध. तो सगळ्यांत तेजस्वी, त्याला शर्टाचं बटण. मुलाचं बोट ओळीवरून घसरत आपोआप बटणावर जातं. ओळ उलट्या बाजूला नेली की रोहिणी.

अंतराचं मात्र पुठ्ठ्यावर जमत नाही, त्याला आपल्या बागा आहेत. पृथ्वी म्हणजे दोन सेंटीमीटरचा चांगला फुगलेला गोल मणी. चंद्र तुरीच्या दाण्याएवढा, मण्यापासून ६० सेंटीमीटरवर. सूर्य सव्वादोन मीटर रुंद, म्हणजे हात वर करून मांडवाच्या तारेला लावावा साधारण तेवढा. आणि तो २३५ मीटरवर! तारेला हात लावत मुलाला ओळींमधून चालवा, २३५ मीटर मोजून. पाय दुखले की अंतर कळतं. त्या मापात सूर्यानंतरचा सगळ्यांत जवळचा तारा कुठे येईल? पृथ्वीला दीड फेरा मारावा लागेल. डोळस मुलांनाही चालवा बरं का, पुस्तकात सूर्य आणि पृथ्वी एकाच पानावर बघून त्यांची समजूत जास्त बिघडलेली असते.

शिवाय ऊन आहेच. पूर्वेला तोंड करून उभं राहायचं. डिसेंबरात दुपारी बाराच्या सुमारास ऊन उजव्या अंगाला लागतं. २० मेच्या आसपास तेच थेट टाळूवर. दर महिन्याला एकदा उभं करा, उत्तरायण-दक्षिणायन मुलगा स्वतः सांगेल.

मापं लिहून घ्या पुन्हा: मणी दोन सेंटीमीटर, तुरीचा दाणा ६० सेंटीमीटरवर, सूर्य २३५ मीटरवर. आणि छाटणीच्या दिवसांत नको, तारेजवळ काड्या टोचतात.