आजीचा आवाज जपा

आई किंवा आजी गेली, की तिचा फोटो भिंतीवर लागतो, त्याला हार चढतो… पण फोटो बोलत नाही. म्हणून आजचं सांगणं एवढंच: आजीचा आवाज जपा. 'तिच्या साध्या आयुष्यात जपण्यासारखं काय?' असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर जात्याने दिलंय. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे खुंटा धरून दळताना गायलेल्या या ओव्यांत माहेर आहे, लेकाचं कौतुक आहे, सासुरवासही आहे. सातबाऱ्यासारख्या सरकारी कागदांवर यातलं काही सापडत नाही.

'आता जातं कुठे राहिलंय?' हेही खरं. पिंपरी-चाकण पट्ट्यात शेतांच्या जागी कारखाने आले… दळण गिरणीत गेलं. म्हणूनच घाई हवी. जातं थांबलं, तरी ओवी आठवणाऱ्या आज्या अजून आहेत. ओवी येत नसेल, तर गाव सोडून शहरात आल्याची हकिगत त्या सांगतील. येत्या सुट्टीला आजीशेजारी बसा… मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा… आणि तिला बोलू द्या. श्रोतेहो, आजीचा आवाज जपा.