किती पानं धरायची?

लग्नकार्याचा स्वयंपाक ठरवताना उदगीर भागातले जुने आचारी विचारतात, ‘किती पानं धरायची?’ पळसाच्या पत्रावळी जाऊन स्टीलची ताटं आली तरी हा शब्द टिकला, कारण त्यानं जेवणारं माणूस मोजलं जातं. ५० पानं म्हणजे ५० माणसं, पोट भरेपर्यंत. एकानं दोन पुऱ्या खाल्ल्या आणि शेजाऱ्यानं आठ, तरी पानं दोनच. म्हणून तर वाढपी मोकळ्या मनानं आग्रह करतो आणि भरल्या पानावरून कुणाला उठवणं हा अपमान ठरतो. प्लेटचं तसं नाही. बुफेत कंत्राटदार बहुधा वापरलेल्या प्लेटा मोजतो. पाहुण्यानं दुसऱ्यांदा घेताना नवी प्लेट उचलली की यजमानाच्या बिलात एक माणूस वाढतो. हॉटेलातली भज्यांची प्लेट हे अन्नाचंच माप आहे, तिथं तो शब्द चपखल बसतो. घरच्या कार्यात मात्र तो आला की पाहुण्याला पोटभर वाढण्याची यजमानाची जबाबदारी सैल होते, असं मला वाटतं.

यावर कुणी म्हणेल, माप ठरलेलं असलं की वाढण्यात दुजाभाव होत नाही. हे खरंच आहे. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भाताची मूद असं ठरवून दिलं, ते योग्यच झालं. सरकारी पैशातून जेवण देताना माप लिहिलेलं नसेल, तर गरिबाच्याच ताटातलं कमी होतं. पण लग्नघर काही अनुदानावर चालत नाही. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. पंगती जातीनुसार बसत, आणि कित्येकांच्या वाट्याला पंगत उठल्यावरचं उष्टंच येई. याचं समर्थन होऊच शकत नाही. पान माणसाला मोजत होतं, पण माणूस कुणाला धरायचं हे जात आधीच ठरवून टाकत होती. तरी उदगीरपासून जवळच, बसवकल्याणला, बाराव्या शतकात लिंगायत शरणांनी दासोहाची, म्हणजे येईल त्याला जेवू घालण्याची, परंपरा रुजवली, आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरची पंगत आजही जात न विचारता बसते. खोट मापात नव्हती, दारात होती. तेव्हा दार सगळ्यांना उघडं ठेवावं, आचाऱ्याला आकडा पानांचा सांगावा, आणि दहा पानांचा शिधा जास्तीचा काढून द्यावा.