रुळांखालची घडवंची



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे बोनस, पगारवाढ, फार तर संप, एवढेच ऐकावयास मिळणार अशी आपली समजूत असेल. आज आम्ही छोट्या आगगाडीविषयी बोलणार आहोत. खरे म्हणजे गाडीविषयीही नव्हे; तिच्या रुळांखाली जी लाकडी घडवंची असते, तिच्याविषयी.

पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेचे जे जोशी यांचे संग्रहालय १९९८ पासून आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथे जाणारा मनुष्य इंजिन पाहतो, सिग्नल पाहतो. खाली वाकून पाय कसे बसवले आहेत हे कोणी पाहत नाही. आम्हीही कधी पाहिले नव्हते, आणि त्याची किंमत आम्हांस मोजावी लागली.

आमच्या संघटनेच्या वाचनालयात कामगारांच्या मुलांसाठी अशी रेल्वे मांडावी असे ठरले. माप एचओ, म्हणजे खऱ्याच्या ८७ वा हिस्सा. दोन रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर. वर्गणी जमली ती बहुतेक इंजिने आणि डबे यांत गेली. उरल्यासुरल्या पैशांत १२ मिलिमीटर जाडीचे प्लायवूडचे दोन तक्ते आणले, भिंतीला लागून सोळा फूट लांब आणि चार फूट रुंद असे आडवे मांडले, आणि कडेकडेने सहा पाय ठोकले. आमच्यातल्या एका सुतार मिस्त्रींनी तेव्हाच सांगितले होते, "साहेब, याला पावसाळ्यात पोट येईल." मिस्त्रींना जास्तीचे काम हवे आहे, असे समजून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले. कामगारांच्या बाजूने आयुष्यभर भांडणाऱ्यांनी असे समजावे, याची आज लाज वाटते.

जुलैत तक्त्याला पोट आलेच. दोन तक्त्यांचा सांधा तीन मिलिमीटर वरखाली झाला. तीन मिलिमीटर म्हणजे काय, असे आपण म्हणाल. ८७ ने गुणा: खऱ्या लोहमार्गावर ती सव्वीस सेंटिमीटरची पायरी झाली! रुळाला धरून राहणारी चाकाची कड आजच्या प्रचलित मापात एक मिलिमीटरही भरत नाही. पोरांच्या देखत गाडी दर फेरीला त्याच जागी घसरू लागली. भिंतीकडचा डबा हाताला येईना, म्हणून कार्यकारिणीचे एक सभासद गुडघे टेकून तक्त्यावर चढले आणि उरलेसुरले कामही झाले. अशा मांडणीवरचा सर्वांत जड बोजा गाडीचा नसतो, माणसाचा असतो. आणि केव्हा ना केव्हा कोणीतरी तिच्यावर रेलतोच.

मग मिस्त्रींकडे जाणे आले. त्यांनी चार इंच रुंद आणि एक इंच जाड अशी एक फळी दोन विटांवर आडवी ठेवली आणि मधोमध हात दाबला, ती वाकली. तीच फळी कडेवर उभी करून त्यांनी आम्हांस दाबावयास सांगितले. आम्ही सारा भार टाकला तरी ती हलेना. पुढे आम्ही पुस्तकात पाहिले: ताठपणा उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून तीच फळी उभी असता सोळापट कमी वाकते. मिस्त्रींना घन ठाऊक नव्हता. फळी ठाऊक होती.

पुस्तक म्हणजे लिन वेस्टकॉट यांचे. हे अमेरिकेतल्या 'मॉडेल रेलरोडर' मासिकाचे १९६१ ते १९७७ संपादक होते. त्यांनी प्रचारात आणलेली युक्ती साधी आहे. उभ्या फळीच्या वरच्या कडेला एक अरुंद पट्टी सरस आणि स्क्रूने बसवायची, की इंग्रजी एल अक्षर उलटे केल्यासारखी तुळई होते. अशा दोन तुळया लांबीच्या दिशेने. पाय अगदी टोकांना लावायचे नाहीत. दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण पाचव्या हिश्शावर लावायचे, म्हणजे बाहेर आलेली टोके मधल्या भाराला तोलून धरतात. सोळा फुटांना सव्वातीन फूट. वर आडव्या पट्ट्या, त्यांना उभे ठोकळे, आणि ठोकळ्यांवर फक्त रुळाखाली जाईल एवढीच प्लायवूडची पट्टी. अखंड तक्ता नाहीच. त्यामुळे रूळ चढवता येतो, उतरवता येतो, मध्ये दरी सोडता येते.

चढावाचा हिशेबही येथेच कळतो. आपल्या बोरघाटात चढ ३७ ला १ आहे. तोच चढ ठेवून एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा, तर या मापात सुमारे ७५ मिलिमीटर उंची लागते. म्हणजे पावणेतीन मीटरांहून अधिक लांबी एवढ्यासाठीच खर्ची पडते.

या पद्धतीत आडव्या पट्ट्या सारख्या लांबीच्या वा सारख्या अंतरावर असण्याची गरज नाही. हे वाचून दाखवताच मिस्त्री भडकले. गुण्या न लावता केलेले काम ते काम का? आम्ही कसेबसे मन वळवले. मात्र पाणसळ त्यांनी सोडली नाही, आणि प्रत्येक पायाखाली उंची कमीजास्त करण्याचा बोल्टही घातला. आमच्या फरश्या पाहता ते बरेच झाले. रुंदीही त्यांनीच अडीच फुटांवर आणली. भिंतीकडे हात पोचला पाहिजे.

परंतु खरी गोम स्क्रूत आहे. प्रत्येक आडवी पट्टी खालून, तुळईच्या पट्टीतून वर स्क्रू घालून बसवायची. वरून घातलेला स्क्रू डोंगर आणि माती यांखाली गाडला जातो. मग काही बदलायचे तर डोंगर फोडावा लागतो. आमच्याकडे सांधा बदलण्याची मोटर नेमकी एका पट्टीवर आली. मिस्त्री पाठीवर झोपून खाली सरकले, चार स्क्रू काढले, पट्टी चार इंच सरकवून पुन्हा बसवली. वर डोंगरावरचा भुसादेखील हलला नाही. असे अनेक करार आमच्या हातून व्हावयास हवे होते!

त्यानंतर तीन पावसाळे गेले. गाडी त्या जागी घसरलेली नाही. भिंतीवर पाटी लागली, तीवर इंजिने देणाऱ्यांची नावे आहेत. मिस्त्रींचे नाव राहिले. आम्ही घालू म्हटले, तर ते म्हणाले, "आमचे आम्ही लिहिले आहे." कोठे, ते सांगेनात. एका रविवारी दिवा घेऊन आम्ही खाली शिरलो, तेव्हा तुळईच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने लाकडाचा हिशेब सापडला: फूट, इंच, स्क्रू, सरस, खाली त्यांची सही, आणि सहीखाली तीन शब्द, 'बाकी दोन रोज'. ती बाकी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी चुकती केली. पुढच्या आठवड्यात पुन्हा खाली जाऊन पाहिले, तो त्या शब्दांवर रेघ ओढलेली होती.