उतारवयातील घर कोठे असावे?

मे महिन्यातील अकोल्याची एक दुपार क्षणभर डोळ्यांसमोर आणावी. पारा 45 अंशांच्या पलीकडे गेलेला आहे. कूलरच्या ताट्यांवर पाणी झिरपत आहे, तरी खोलीतील हवा निवत नाही. सरकारी खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ आरामखुर्चीवर बसून मुलाने पुण्याहून पाठविलेले एक माहितीपत्रक न्याहाळीत आहेत. ते गुळगुळीत कागदावर छापलेले असून त्यात हिरवळ आहे, पोहण्याचा तलाव आहे, वाचनालय आहे, आणि बाकावर बसून हसणारे एक वृद्ध जोडपे आहे. केवळ निवृत्तांसाठी आखलेली ही वसाहत. गृहस्थांचे मन तिकडे ओढ घेत आहे. त्यांच्या पत्नी कुरडयांचे ताट बाजूला सारून ते चित्र पाहतात आणि विचारतात, “अहो, यात दोघे हसताना दिसतात. दोघांतले एकच मागे राहिले, तर ते कुठे बसते, ते काही यात दिसत नाही.”

ही गृहस्थ-गृहिणी कल्पनेतील आहेत. पण हा प्रश्न कल्पनेतील नाही. अमरावती-अकोल्यातील कित्येक सुशिक्षित घरांत तो आज ना उद्या उभा राहणारच. म्हणून त्याचा विचार शांतपणे झाला पाहिजे.

उतारवयात आपले गाव सोडून जाणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. वानप्रस्थाची कल्पना पुरातन आहे. महाराष्ट्रातून कित्येक वृद्ध काशीवासासाठी जात असत. नागपूरकर भोसल्यांनी काशीस बांधलेला घाट आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ते काशीस जात, तरी सर्वस्वी परक्यांत जात नसत. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी माणसांची जुनी वस्ती होती. तेथे आपली भाषा कानी पडे, आपले सणवार होत, आणि मागे राहिलेल्या विधवेलाही शेजारची चार घरे ओळखीची असत. देह काशीत ठेवावयाचा असला, तरी जगण्यासाठी शेजार लागतो, हे त्या पिढीला कळत होते.

आजच्या वसाहती निराळ्या कारणाने निर्माण झाल्या. वऱ्हाडातील मुले शिकतात आणि पुण्यास, मुंबईस, बंगळुरास अथवा परदेशी जातात. मागे मोठी घरे आणि दोन माणसे उरतात. पुण्यातील परांजपे यांच्या बांधकाम संस्थेने ‘अथश्री’ या नावाने ज्येष्ठांसाठी गृहसंकुले उभारली. माथेरानच्या पायथ्याशी नेरळ येथे डिग्निटी फाउंडेशनने अशीच एक वसाहत वसविली. अशा ठिकाणी जेवणाची सोय असते, हाकेसरशी मदतनीस येतो, नळ बिघडला अथवा दिवा गेला तर त्याची चिंता दुसरा कोणी वाहतो, आणि सायंकाळी समवयस्कांची बैठक जमते. हे सुख थोडे नव्हे. ज्याने पाय घसरून पडल्यावर दोन तास कोणी येण्याची वाट पाहिली आहे, त्याला याचे मोल सांगावे लागत नाही.

सरकारी यंत्रणेनेही आता यात लक्ष घातले आहे. केंद्र सरकारने 2019 साली निवृत्तांच्या घरांविषयी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. महाराष्ट्रातील स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, 2024 साली अशा प्रकल्पांसाठी किमान अटी घातल्या. दारे चाकांची खुर्ची जाईल इतकी, म्हणजे निदान 900 मिलिमीटर रुंद असावीत. एका मजल्याहून उंच इमारतीस उद्वाहक असावा. जिन्यास दोन्ही बाजूंनी कठडे असावेत. स्नानगृहात धरावयास दांडे आणि संकटाची घंटा असावी. केवळ माहितीपत्रकावर ‘ज्येष्ठांसाठी’ हे शब्द छापल्याने घर ज्येष्ठांचे होत नाही. घर पाहावयास जाताना खिशात मोजपट्टी ठेवावी आणि दार मोजावे. त्यात संकोच मानू नये.

इतके सारे असूनही त्या गृहिणीचा प्रश्न शिल्लकच राहतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे दूर, भूमध्य समुद्राच्या काठी जावे लागेल.

इंग्लंड, जर्मनी वगैरे थंड देशांतील निवृत्त माणसे गेली कित्येक दशके स्पेनच्या दक्षिण व पूर्व किनाऱ्यावर जाऊन राहत आहेत. ऊन मुबलक, घरे मायदेशापेक्षा स्वस्त, आणि जाण्यायेण्यास विमान. कोस्टा ब्लांका, कोस्टा देल सोल या किनाऱ्यांवर त्यांच्यासाठी आखीव वसाहती झाल्या. पांढऱ्या भिंतींची घरे, मध्ये तलाव आणि भोवती आपल्याच देशातील शेजारी. पहिली दहा वर्षे मोठ्या आनंदात जातात. पुढे एक जण आजारी पडतो. रुग्णालय स्पेनचे, भाषा स्पॅनिश, आणि मुले हजार मैलांवर. जोडीदार गेला की मागे राहिलेली व्यक्ती पुष्कळ वेळा घर विकून मायदेशी परतते. पण तेथील घर पूर्वीच विकलेले असते आणि तेथील भाव हाताबाहेर गेलेले असतात. त्यातच 2016 साली ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. 1 जानेवारी 2021 पासून ज्या ब्रिटिश नागरिकांपाशी तेथील रीतसर निवासाचा हक्क नव्हता, त्यांना परवान्याशिवाय 180 दिवसांत 90 दिवसांहून अधिक राहता येईनासे झाले. घर स्वतःचे, किल्ली खिशात, आणि तरीही दिवस मोजून राहावयाचे! पुण्यास जाणाऱ्या वऱ्हाडी माणसावर असा प्रसंग येणार नाही, हे खरे. परंतु हवा पाहून घर निवडणारा माणूस हवेखेरीज बाकीच्या गोष्टी पाहावयास विसरतो, हा धडा दोघांनाही सारखाच लागू आहे.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातील आहे. कलकत्त्याचे अर्नेस्ट टिमथी मॅक्लुस्की यांनी 1933 साली अँग्लो-इंडियन लोकांसाठी एक स्वतंत्र वसाहत काढली. रातूच्या महाराजांकडून छोटानागपूरच्या रानात सुमारे 10,000 एकर जमीन घेण्यात आली. आज झारखंडात असलेले हेच मॅक्लुस्कीगंज. टुमदार बंगले झाले, फळबागा झाल्या, कित्येकांनी आपली आयुष्याची पुंजी तेथे घातली. ही वसाहत काही केवळ निवृत्तांसाठी नव्हती. तथापि तेथे तरुणांना पोट भरण्याजोगे काम नव्हते. स्वातंत्र्यानंतर मुले दूरदेशी गेली, आणि मोठमोठ्या बंगल्यांतून एकेक म्हातारे माणूस दिवा लावून बसू लागले. त्या गावात पुन्हा जाग आली ती 1997 साली तेथे शाळा निघाल्यावर. जुन्या बंगल्यांतून विद्यार्थ्यांची वसतिगृहे झाली आणि अंगणात पुन्हा मुलांचा आवाज ऐकू येऊ लागला. केवळ एका वयाची माणसे एकत्र ठेवून गाव होत नाही, याहून स्पष्ट पुरावा तो कोणता?

आता आपल्या घराकडे वळावे. 2011 सालच्या जनगणनेत भारतात साठीच्या पुढील माणसे सुमारे 10 कोटी 40 लक्ष होती, आणि त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक होती. आपल्याकडे पत्नी वयाने लहान असते आणि स्त्रीचे आयुर्मानही काहीसे जास्त असते. म्हणून दोघांनी मिळून घेतलेल्या घरात शेवटची काही वर्षे बहुधा ती एकटी काढते. निवड मात्र बहुशः तो करतो. घराचा हिशेबही तोच मांडतो, आणि तो दोघांच्या उत्पन्नावर मांडतो. चूक नेमकी येथे होते.

एक साधे उदाहरण घ्यावे. जुन्या निवृत्तिवेतन योजनेतील एखाद्या सरकारी नोकराचे अखेरचे मूळ वेतन 80,000 रुपये होते असे धरू. महागाई भत्ता बाजूला ठेवला, तर त्यास निम्मे, म्हणजे 40,000 रुपये निवृत्तिवेतन मिळेल. त्याच्या पश्चात पत्नीला सर्वसाधारण दराने कुटुंब निवृत्तिवेतन मिळते ते अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे 24,000 रुपये. वसाहतीचा मासिक आकार आणि दोघांचे जेवण मिळून 18,000 रुपये होतात असे समजावे. एक माणूस कमी झाल्याने जेवणाचा खर्च निम्मा होईल. परंतु पहारेकरी, उद्वाहक, बाग यांचा आकार निम्मा होत नाही. एकूण 13,000 रुपये तरी द्यावेच लागतील. आधी हाती 22,000 उरत होते, आता 11,000 उरतील. आणि औषधांचा खर्च तर वाढण्याचीच वेळ ही. म्हणून हिशेब दोघांचा न मांडता एकटीचा मांडावा. त्यात जे घर परवडेल तेच खरे परवडले.

दुसरा प्रश्न अंथरुणास खिळण्याचा. पुष्कळ वसाहती हिंडत्याफिरत्या माणसांसाठीच असतात. स्मृती गेली, अथवा दुसऱ्याने भरविल्याखेरीज जेवता येईना, तर तेथे ठेवतील काय? ठेवल्यास शुश्रूषेचा खर्च कोणाचा? न ठेवल्यास अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल? घर विकावयाचे झाल्यास ते कोणासही विकता येईल, की ठराविक वयाच्याच माणसास? या प्रश्नांची उत्तरे तोंडी गोडव्यात घेऊ नयेत. करारनाम्यात शोधावीत, आणि तो करार सहीच्या आधी वकिलास दाखवावा. घर दोघांच्या नावे करावे. केवळ नामनिर्देशन म्हणजे वारसाहक्क नव्हे. त्यासाठी मृत्युपत्र निराळे हवे.

तिसरा प्रश्न मागच्या घराचा. वसाहतीतील जागेसाठी अकोल्याचे राहते घर घाईने विकणे, अथवा मायेच्या भरात ते मुलाच्या नावे करून देणे, या दोन्ही गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत. 2007 सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह कायद्यातील तेविसाव्या कलमान्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडली गेल्यास, परत मागता येते. पण ती अट दस्तातच लिहिलेली असावी, म्हणजे पुढे वाद उरत नाही. कागदावर लिहिल्याने प्रेम उणे होत नाही. उलट पुष्कळदा ते त्यामुळे टिकते.

मग वऱ्हाडातच असे काही का होऊ नये? चिखलदऱ्याचे नाव कोणासही सुचेल. सुमारे 1,100 मीटर उंचीवरील ते थंड हवेचे ठिकाण इंग्रजी अमलापासून वऱ्हाडातील अधिकाऱ्यांचे उन्हाळी विश्रांतिस्थान होते, आणि तेथे कॉफीही पिकते. चार दिवसांच्या विसाव्यास ते उत्तमच. परंतु पावसाळ्यात धुक्याने भरलेला तो घाट उतरून, परतवाड्यावरून अमरावतीच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत छातीत कळ आलेल्या माणसास न्यावयाचे, हे चित्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे केवळ थंडाव्यावर मुक्काम ठरविता येत नाही हे पटते.

त्यापेक्षा अमरावती आणि अकोला या शहरांतच, भरवस्तीत, वाचनालय, देऊळ, दवाखाना आणि शाळा पायी जाण्याच्या अंतरावर असतील अशी लहान लहान संकुले उभी राहिली, तर ती अधिक उपयोगी पडतील. अंबादेवीच्या नवरात्रात जेथे पायी जाता येते, श्रावणातील शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराच्या कावडी जेथे गच्चीवरून पाहता येतात, आणि सकाळी दूधवाला जेथे “बरं हाय ना जी?” असे विचारून जातो, तेथे म्हातारे माणूस एकटे असले तरी निराधार नसते. अमरावतीजवळ डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरोग्यांसाठी उभारलेले तपोवन आपणांस ठाऊकच आहे. समाजाने टाकलेल्या माणसांची ती वसाहत टिकली, कारण तेथे केवळ निवारा नव्हता. हातांना काम होते आणि त्या कामास मान होता. निवृत्तांच्या वसाहतीत हिरवळीइतकीच याची आवश्यकता आहे. ज्याला कोणी काही विचारीत नाही आणि ज्याच्यावर कोणाचे काही अडत नाही, त्याला तलावाचे पाणी कितीसे सुख देणार?

याचा अर्थ कोणी गाव सोडूच नये, असा नव्हे. मुले पुण्यास आहेत, नातवंडे जवळ हवीत, प्रकृतीस उन्हाळा सोसत नाही, ही कारणे खरी आहेत. जाणाऱ्याने अवश्य जावे. पण आधी घर न विकता जावे. शक्य असल्यास त्या वसाहतीत वर्षभर भाड्याने राहावे. एक पावसाळा आणि एक आजारपण तेथे काढून पाहावे. शेजारी कोण आहेत, ते केवळ तुमच्या यजमानांना ओळखतात की तुम्हांलाही, हे घरच्या बाईने स्वतः पाहावे. आणि अखेरचा निर्णय तिच्या तोंडून व्हावा. कारण शेवटपर्यंत तेथे राहण्याची पाळी बहुधा तिचीच आहे.

अकोल्याच्या त्या गृहस्थांनी माहितीपत्रक मिटले आणि कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे लिहिले ‘दोघे’, उजवीकडे ‘एक’. मग कागद आणि लेखणी त्यांनी पत्नीच्या हाती दिली व म्हणाले, “उजवी बाजू तू लिही.” ज्या घरांत असे दोन रकाने आखले जातील, तेथील माणसे पुण्यास जावोत की वऱ्हाडात राहोत, त्यांना पुढे पश्चात्ताप करण्याची वेळ सहसा येणार नाही.