थोडे, थोडेच आणि ‘अ’



बेळगावात मराठी माध्यमाच्या मुलांना मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवतो आहे. ‘फ्यू’ आणि ‘लिटल’चा धडा आला की मुले नियम घोकतात: मोजता येते तिथे फ्यू, येत नाही तिथे लिटल. ते बरोबरच, पण खरी गोम आधी येणाऱ्या चिमुकल्या ‘अ’मध्ये आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने नोकरीच्या अर्जात लिहिले होते, ‘आय हॅव लिटल एक्स्पीरियन्स.’ त्याला म्हणायचे होते, थोडाफार अनुभव आहे. वाचणारा समजला असता, अनुभव जवळजवळ नाहीच. अर्ज टाकण्यापूर्वी त्याने तो मला दाखवला, म्हणून निभावले.

हा फरक मराठीला परका नाही. ‘थोडे लोक आले’ आणि ‘थोडेच लोक आले’ यांत आपण कधी गोंधळतो का? आपल्याकडे ‘च’ जोडून जे साधते, ते इंग्रजीत ‘अ’ गाळून साधते. म्हणून मी फळ्यावर लिहितो: फ्यू म्हणजे थोडेच, अ फ्यू म्हणजे थोडेफार. कन्नडलाही असे उपपद नाही, त्यामुळे शेजारणीची मदत होत नाही. तिसरे रूप ‘द फ्यू’: होते ते थोडेच, पण ते सगळे. ऑगस्ट 1940 मधील चर्चिल यांच्या भाषणानंतर ब्रिटनचे लढाऊ वैमानिक याच नावाने ओळखले जाऊ लागले.

मोजण्याचा नियमही वाटतो तितका सरळ नाही. आपले तांदूळ निवडले जातात, केस पिकतात, दोन्ही अनेकवचनी. इंग्रजीत राइस आणि डोक्यावरचे हेअर न मोजण्यातले, म्हणून ‘मच’ आणि ‘लिटल’च्या वाट्याचे. आपण दोन बातम्या ऐकतो, चार सल्ले देतो. न्यूज आणि अ‍ॅडव्हाइस तसे मोजता येत नाहीत. उलट ‘माहित्या’ आपण कधीच म्हणत नाही, तरी मुले ‘इन्फर्मेशन्स’ लिहितात, याचे मला नवल वाटते.

आता ‘सम’ आणि ‘एनी’. प्रश्नात एनी, असे पुस्तक सांगते. मग पाहुण्याला विचारताना इंग्रज ‘सम टी’ का म्हणतो? आपण ‘चहा घेणार ना?’ म्हणतो, तसेच ते. होकार गृहीत धरलेला. ‘एनी’ म्हणजे नुसते ‘घेणार का?’ पुस्तकांत हे अगत्य अपवाद म्हणून तळाशी छापलेले असते. वर्गात मी ते आधी शिकवतो.