दाखल्यासाठी मूल घरी ठेवू नका
जूनच्या मध्याला शाळा उघडतेय. गावाहून इकडे आलेल्या किंवा काशिमिऱ्याहून उत्तनला खोली बदललेल्या घरांसाठी सांगते. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून पहिली ते आठवीच्या मुलाचा प्रवेश महापालिकेच्या शाळेला अडवता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ आहे ते. जन्मदाखला नसला तरी अडवायचं नाही, ते कलम १४. "आधी कागद आणा" म्हणाले, तर एकटीने परत येऊ नका. गटातल्या दोघी-तिघी मिळून मुख्याध्यापकांना भेटा, मलाही बोलवा. आणि हो, शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका लागतातच. नुसत्या सहीपुरतं नाव देऊ नका. पहाटे मासळीला जाणाऱ्यांनी सभेसाठी दुपारची वेळ मागून घ्या.